सूर्यास्ताचे वेळापत्रक : घरातून यात्रा-सहलींची पेढी सुरू करताना

काही वर्षांपूर्वी डिसेंबर महिन्यात भिवंडीतील आमच्या परिचयाच्या कुटुंबांसमवेत मी सम्मेद शिखरजीच्या यात्रेला गेले होते. आयोजकाने छापलेली कार्यक्रमपत्रिका सुबक होती. पहिल्या दिवशी पारसनाथ स्थानकावर उतरून मधुबनला पोहोचणे आणि ‘सायंकाळी पावणेसहा वाजता भोजन’ असे तीत नमूद केले होते. भिवंडीत डिसेंबरातला सूर्यास्त सहाच्या सुमारास होतो, तेव्हा पाहणाऱ्याला त्यात काही वावगे वाटले नाही. मधुबन मात्र आपल्यापेक्षा तेरा रेखांश पूर्वेला आहे. तिथे त्या दिवसांत सूर्य पाचच्या पुढे-मागेच मावळतो. आमची बस पोहोचली तेव्हा अंधार पडला होता, आणि चौविहाराचा नियम असलेल्या वडीलधाऱ्या मंडळींनी ताटाकडे न पाहता सामान खोलीत नेले. त्यांना पाणीही घेता येणार नव्हते. पुढच्या पहाटे तीन वाजता त्याच मंडळींनी पर्वतवंदना सुरू केली. नऊ किलोमीटर चढण, नऊ किलोमीटर टोंकांची परिक्रमा आणि नऊ किलोमीटर उतरण, असे ते एकूण सत्तावीस किलोमीटर. एका मावशींना परिक्रमेच्या मध्यावर भोवळ आली आणि त्यांना डोलीत बसवून खाली आणावे लागले.

आयोजक लबाड नव्हता. गाडी वेळेवर होती, खोल्या स्वच्छ होत्या, हिशेबही चोख होता. त्याला एवढेच ठाऊक नव्हते की जैन यात्रेकरूचे वेळापत्रक घड्याळावर नव्हे तर सूर्यावर चालते, आणि सूर्य गावोगावी निरनिराळ्या वेळी मावळतो. हे ज्ञान आपल्या घराघरांत आहे. आपल्या सुना आणि सासूबाई ते रोज वापरतात. त्याचा व्यवसाय होऊ शकतो, हा विचार त्या मधुबनच्या धर्मशाळेत प्रथम माझ्या मनात आला. त्यानंतर या धंद्याची जी माहिती जमवली आणि जे जवळून पाहिले, ते वाचकांपुढे ठेवत आहे.

संघपतीपासून सहल-आयोजकापर्यंत

यात्रेचे आयोजन आपल्या समाजाला नवे नाही. तेराव्या शतकात गुजरातचे मंत्री वस्तुपाल आणि तेजपाल यांनी शत्रुंजय व गिरनारचे संघ काढले. संघपतीचा मान हा श्रेष्ठींच्या कुळात पिढ्यान्‌पिढ्या सांगितला जाई. बनारसीदासांनी १६४१ साली ‘अर्धकथानक’ या नावाने आपले आत्मचरित्र लिहिले. त्यात हीरानंद मुकीम या जवाहिऱ्याने सम्मेद शिखरजीला नेलेल्या संघाचा उल्लेख आहे. कवीचे वडील खरगसेन त्या संघात होते. परतीच्या वाटेवर पाणी बाधून पुष्कळ यात्रिक आजारी पडले आणि खरगसेनही खाटेला खिळून घरी परतले. चारशे वर्षांपूर्वीही यात्रेत माणूस अडतो तो अन्नपाण्याच्या व्यवस्थेतच, हे त्यावरून कळते.

फरक एवढाच की संघपती स्वतःचे द्रव्य खर्च करीत असे, आणि आजचा आयोजक यात्रिकांचे द्रव्य आधी स्वतःच्या हाती घेतो. हा फरक लहान नाही. पुढे त्याविषयी सविस्तर लिहावे लागणार आहे.

व्यापारी स्वरूपाच्या सहलींची सुरुवात सांगताना थॉमस कुक यांचे नाव घेतले जाते. ५ जुलै १८४१ रोजी त्यांनी इंग्लंडमधील लेस्टरहून लाफबरोला सुमारे पाचशे माणसे एक शिलिंग दराने रेल्वेने नेली, आणि ती कशासाठी, तर दारूबंदीच्या सभेसाठी. आपल्या वाचकांना हे वाचून समाधान वाटेल. आपल्या महाराष्ट्रात केसरी पाटील यांनी १९८४ मध्ये, वयाच्या पन्नाशीच्या उंबरठ्यावर, स्वतःची सहल-कंपनी सुरू केली. त्यांच्या कन्या वीणा पाटील यांनी २०१३ मध्ये वेगळी कंपनी काढली. मराठी मध्यमवर्गाला परदेशात पोह्यांची न्याहारी मिळेल असा भरवसा या मंडळींनी दिला, आणि त्यांच्या यशाचे मर्म मला त्या भरवशात दिसते. विमानाचे तिकीट कोणीही काढून देऊ शकतो. आपला माणूस परगावी उपाशी राहणार नाही, याची हमी मात्र थोडेच देऊ शकतात.

भिवंडीची बाजू

आपले गाव या व्यवसायाला सोयीचे आहे की गैरसोयीचे, असे कोणी विचारले तर मी म्हणेन, दोन्ही. भिवंडी रोड हे स्थानक वसई–दिवा मार्गावर आहे. मुंबईच्या मुख्य उपनगरी मार्गावर आपण नाही, त्यामुळे लांबच्या गाडीसाठी ठाणे किंवा कल्याण गाठावे लागते. पहाटे सहाची गाडी धरायची तर अंजूर फाट्यावरची कोंडी गृहीत धरून किती वाजता निघावे, हे परगावच्या आयोजकाला कळत नाही, तुम्हाला कळते. उलट नाशिककडे जाणारा महामार्ग आपल्या दारातून जातो. त्या मार्गावरच्या गोदामांमुळे वाहनमालक, चालक आणि दुरुस्तीवाले यांचा सुकाळ आहे.

त्याहून महत्त्वाची गोष्ट वेगळी आहे. यंत्रमागाच्या धंद्याला पूर्वीचे दिवस राहिले नाहीत, हे सूतबाजारात बसणाऱ्या कोणालाही सांगावे लागत नाही. ग्रे कापडात मार्जिन पातळ झाले, उधारी लांबली. अनेक घरांतील शिकलेल्या मुली आणि सुना दुसऱ्या उत्पन्नाचा मार्ग शोधत आहेत. दुकान न घेता, घरातील एका खोलीतून, एक संगणक आणि एक वेगळा मोबाइल क्रमांक यांवर हे काम सुरू होते. भांडवल कमी लागते ही गोष्ट खरी आहे. धोका कमी आहे ही समजूत मात्र खोटी आहे, आणि ती बाळगूनच बरेच जण या धंद्यात उतरतात.

उलटी उधारी

आपला परंपरागत व्यापार उधारीवर चालतो. सूत आज जाते, पैसे साठ दिवसांनी येतात, कधी नव्वद दिवसांनी. आपले सगळे व्यापारी संस्कार ‘दिलेला पैसा परत कसा यावा’ याभोवती घडलेले आहेत. सहलीच्या धंद्यात हे चित्र उलटे होते. इथे यात्रिक तीन महिने आधी पैसे आणून देतो आणि सेवा नंतर मिळते. डिसेंबरच्या शिखरजी यात्रेसाठी सप्टेंबरातच चाळीस माणसांचे पाच-सहा लाख रुपये तुमच्या खात्यात जमा झालेले असतात.

नेमके याच ठिकाणी व्यापारी घरातील माणूस घसरतो. त्याच वेळी थोरल्या भावाच्या पेढीवर सुताचे देणे चुकवायचे असते. खात्यात पैसा पडून आहे, यात्रेला अवकाश आहे, पंधरा दिवसांत रक्कम परत ठेवू, असा विचार घरातल्या घरात सहज होतो. त्यात कोणाला काही वाईटही वाटत नाही, कारण पैसा घरातच फिरतो आहे. मग समोरचा व्यापारी पंधरा दिवसांऐवजी दोन महिने लावतो. धर्मशाळेची आगाऊ रक्कम थकते, बसमालक दुसरा सौदा घेतो, आणि वीस वर्षांत मिळवलेले नाव एका मोसमात जाते.

म्हणून माझा पहिला आग्रह असा, की या व्यवसायाचे चालू खाते वेगळे असावे आणि घरच्या पेढीच्या कोणत्याही व्यवहारासाठी त्याला हात लावू नये. यात्रिकाने दिलेली रक्कम यात्रा पूर्ण होईपर्यंत अमानत आहे. तिच्यातील तुमचा भाग फक्त शेवटी उरणारा नफा. रोजमेळात प्रत्येक सहलीचे पान स्वतंत्र ठेवावे आणि एका सहलीचा पैसा दुसऱ्या सहलीला लावू नये. सासरे, दीर किंवा पती यांना हे सुरुवातीलाच, शांतपणे पण स्पष्ट शब्दांत सांगावे लागते. मी पाहिलेल्या एका घरात सूनबाईंनी व्यवसाय सुरू करण्यापूर्वी सासऱ्यांना म्हटले होते, “पप्पा, या खात्याचं चेकबुक माझ्याकडे राहील, आणि तुम्ही मागितलं तरी मी देणार नाही, आताच रागवून घ्या.” सासरे रागावले नाहीत. त्यांनी हसून मुनीमजींना तशी ताकीद दिली.

मोठ्या कंपन्यांचेही याच कारणाने काय होते, ते २०१९ या एका वर्षाने दाखवले. १७ एप्रिलला जेट एअरवेजची विमाने थांबली. २३ सप्टेंबरला ब्रिटनमधील मूळ थॉमस कुक कंपनी बुडाली (भारतातील त्याच नावाची कंपनी तोवर स्वतंत्र झालेली होती, तिला धक्का लागला नाही). १७५८ पासून चालत आलेली कॉक्स अँड किंग्ज त्याच वर्षी दिवाळखोरीच्या प्रक्रियेत गेली. पुढे मे २०२३ मध्ये गो फर्स्टची उड्डाणे बंद पडली. अशा प्रसंगी यात्रिक विमान कंपनीच्या दारात जात नाही. तो तुमच्या सोसायटीचा जिना चढून येतो, कारण पैसे त्याने तुमच्या हाती दिलेले असतात. टाळेबंदीनंतर १ ऑक्टोबर २०२० रोजी सर्वोच्च न्यायालयाने विमान तिकिटांच्या परताव्याविषयी निर्णय दिला, तेव्हा एजंटामार्फत काढलेल्या तिकिटांची रक्कम एजंटाने यात्रिकापर्यंत ताबडतोब पोहोचवावी, असेही त्यात स्पष्ट केले. पावती देतानाच ‘रद्द झाल्यास काय’ हे मराठीत किंवा गुजरातीत, यात्रिकाला समजेल अशा भाषेत लिहून त्याची सही घ्यावी. नात्यातल्या माणसाकडून सही घेण्याचा संकोच वाटतो. तरी घ्यावी, नात्यातल्याकडून तर अवश्य घ्यावी.

एकतिसावा यात्रिक

आता प्रत्यक्ष हिशेब पाहू. पुढील आकडे रीत समजावी म्हणून धरलेले आहेत. भाव वेळोवेळी बदलतात.

समजा, चाळीस आसनांची बस दोन दिवसांसाठी ५२,००० रुपयांत ठरली. सोबतच्या मदतनीसाचे ४,००० आणि अडीअडचणीसाठी राखलेले ६,००० मिळून स्थिर खर्च ६२,००० झाला. प्रत्येक माणसामागे मुक्कामाचे ४०० आणि भोजन-न्याहारीचे ६०० असे १,००० रुपये बदलता खर्च आहे. तुम्ही प्रत्येकी ३,००० रुपये घेतलेत आणि चाळीस जण आले, तर जमा १,२०,०००, खर्च १,०२,०००, उरले १८,०००. आठ जणांनी आयत्या वेळी नकार दिला तर जमा ९६,००० आणि खर्च ९४,०००. दोन दिवसांच्या मेहनतीचे उरले २,०००. म्हणजे स्थिर खर्च भागतो तो एकतीस माणसांवर, आणि कमाई सुरू होते ती बत्तिसाव्यापासून. नवीन माणूस भरलेल्या बसचा हिशेब करून दर ठरवतो आणि तिथेच फसतो. दर ठरवताना बस पाऊण भरेल असेच धरावे.

विमान तिकिटांत तर याहून कमी उरते. विमान कंपन्या पूर्वी एजंटांना पाच टक्के दलाली देत. २००८–०९ च्या सुमारास ती जवळपास शून्यावर आली. म्हणून सेवाशुल्क उघडपणे, बिलावर वेगळे दाखवून घ्यावे. ते तिकिटाच्या किमतीत लपवण्याची सवय लावू नये. यात्रिकाच्या मुलाच्या हातात मोबाइल आहे आणि तो भाव त्याच क्षणी पाहतो. सुरुवातीला आयाटाची मान्यता घेण्याची गरज नसते. मोठ्या वितरकांच्या पोर्टलवर उप-एजंट म्हणून नाव नोंदवून काम सुरू करता येते. मात्र त्या पोर्टलवर आगाऊ रक्कम भरून ठेवावी लागते, तेव्हा ज्या वितरकाचा पूर्वेतिहास ठाऊक नाही त्याच्याकडे मोठी रक्कम अडकवू नये.

रेल्वेच्या बाबतीत एक गोष्ट ठळकपणे सांगितली पाहिजे, कारण आपल्या गल्ल्यांतून ती सर्रास चालते. स्वतःच्या वैयक्तिक आयडीवरून दुसऱ्याची तिकिटे काढून त्यावर पैसे घेणे हा रेल्वे कायदा, १९८९ च्या कलम १४३ खाली गुन्हा आहे आणि त्याला तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. आयआरसीटीसीचा अधिकृत एजंट होऊनच हे काम करावे. त्यात सेवाशुल्क ठरलेले असते, साध्या डब्याला २० आणि वातानुकूलित डब्याला ४० रुपये. तेव्हा रेल्वे तिकिटांवर घर चालणार नाही, ती ग्राहक जोडण्याची सोय आहे एवढेच. नोव्हेंबर २०२४ पासून आरक्षण १२० ऐवजी ६० दिवस आधी खुले होते, आणि जुलै २०२५ पासून अधिकृत एजंटांना तत्काळ आरक्षण पहिली तीस मिनिटे करता येत नाही. म्हणून तत्काळच्या भरवशावर कोणाला शब्द देऊ नये. मोठा संघ असेल तर संपूर्ण डबा पूर्ण भाडे दराने आरक्षित करण्याची सोय आहे. तिला प्रत्येक डब्यामागे ५०,००० रुपये नोंदणी रक्कम लागते आणि अर्ज किमान तीस दिवस आधी करावा लागतो. आपल्या संघांनी ही सोय पूर्वीपासून वापरली आहे.

कागदपत्रांचे थोडक्यात सांगते. उद्यम नोंदणी शासनाच्या संकेतस्थळावर विनामूल्य होते. तिचे पैसे मागणारी संकेतस्थळे बनावट समजावीत. लहान आस्थापनेला दुकाने व आस्थापना अधिनियमाखाली ऑनलाइन सूचना द्यावी लागते. सेवाव्यवसायाला वार्षिक उलाढाल वीस लाखांपुढे गेल्यावर जीएसटी नोंदणी अनिवार्य होते. इथे उलाढाल म्हणजे नफा नव्हे. सहलीचे संपूर्ण बिल तुमच्या नावे असेल तर ती सगळी रक्कम धरली जाते. वर सांगितलेल्या १,२०,००० च्या सतरा सहली, किंवा शिखरजीच्या आठ लाखांच्या तीनच यात्रा, एवढ्यावर मर्यादा ओलांडली जाते. सहल-आयोजकांसाठी पाच टक्के दराचा पर्याय आहे. घरच्या पेढीच्या सीएंना विचारून निर्णय घ्यावा. यात्रा धार्मिक आहे म्हणून कर माफ असतो, असा एक गोड समज समाजात आहे. खासगी आयोजकाला तशी माफी नाही. परदेशी सहलीचे पॅकेज विकल्यास टीसीएस गोळा करून भरण्याची जबाबदारी विक्रेत्यावर येते आणि त्याचे दर अर्थसंकल्पागणिक बदलतात, म्हणून पहिली दोन वर्षे परदेशाच्या वाटेला न गेलेले बरे. परदेशी नोकरीसाठी माणसे पाठवण्याचे काम तर मुळीच घेऊ नये. त्याला १९८३ च्या उत्प्रवास कायद्याखाली वेगळा परवाना लागतो.

महिलांनी एक योजना अवश्य पाहावी. महाराष्ट्र शासनाने २०२३ मध्ये ‘आई’ हे महिलाकेंद्रित पर्यटन धोरण आणले. महिलेच्या मालकीच्या आणि तिनेच चालवलेल्या पर्यटन व्यवसायाला घेतलेल्या १५ लाखांपर्यंतच्या कर्जावरील व्याजाचा, साडेचार लाखांच्या मर्यादेत, परतावा त्यात आहे. व्यवसायाची पर्यटन संचालनालयाकडे नोंदणी असावी लागते. नावापुरती महिला मालक आणि कारभार पतीकडे, असा प्रकार मात्र तिथे करू नये.

पंचांग, आडनाव आणि कंदमूळ

आपल्या यात्रेकरूंचे नियम ज्याला पाठ आहेत, त्याला जाहिरात करावी लागत नाही. उदाहरणार्थ, दिवाळीच्या सुट्टीत पेढ्या बंद असतात, मुलांना शाळा नसते, म्हणून कुटुंबे पालिताण्याची मागणी करतात. चातुर्मासात शत्रुंजय गिरिराजाची यात्रा बंद असते आणि ती कार्तिकी पौर्णिमेला खुली होते, म्हणजे दिवाळीनंतर पंधरा दिवसांनी. त्यापूर्वी गेलेल्या कुटुंबाला तळेटीवरून परतावे लागते. ज्याने हे आरक्षण घेताना सांगितले नाही, तो आयोजक नव्हे, केवळ तिकीटविक्रेता. कार्तिकी पौर्णिमेला आणि फाल्गुन शुद्ध त्रयोदशीच्या ‘छ गाऊ’ यात्रेला तिथे मुंगीला वाट मिळत नाही. खोल्यांचे काम महिनोन्‌महिने आधी करावे लागते. गिरनारला ऑक्टोबर २०२० पासून रोपवे आहे, त्यामुळे गुडघेदुखीच्या माणसालाही आता आशा धरता येते. परंतु तो अंबाजीच्या टप्प्यापर्यंतच जातो, हे आधी सांगावे. श्रवणबेळगोळच्या बाहुबलींचा महामस्तकाभिषेक बारा वर्षांनी येतो. मागचा २०१८ मध्ये झाला. या हिशेबाने पुढच्याची चौकशी दोन वर्षे आधीपासून सुरू होईल.

स्वयंपाकाची अट तर प्रत्येक घराची निराळी. कांदा-लसूण नको इतके सगळ्यांना कळते; बटाटा, गाजर, आले नको हे हॉटेलवाल्याला लिहून द्यावे लागते. वर आयंबिल करणारे, बियासणे करणारे, उकळलेलेच पाणी घेणारे निराळे. नाव नोंदवतानाच प्रत्येकाच्या नियमाचा रकाना भरून घ्यावा, आणि ज्या गावी मुक्काम आहे तिथल्या सूर्योदय-सूर्यास्ताच्या वेळा कार्यक्रमपत्रिकेच्या डोक्यावर छापाव्यात. मधुबनला आम्ही उपाशी राहिलो, ते ही एक ओळ नसल्यामुळे.

नावांचा घोटाळा ही आपल्या समाजाची खास अडचण. आधारकार्डावर ‘कांताबेन’, पासपोर्टवर नुसते ‘कांता’, आणि घरचे सांगतात ‘बा’. तिकिटावर नाव ओळखपत्राप्रमाणेच हवे. म्हणून फोनवर ऐकून नाव टंकू नये, कार्डाचे छायाचित्र मागवावे. काम संपल्यावर ती छायाचित्रे मोबाइलमधून काढून टाकावीत. ती दुसऱ्याच्या घरची कागदपत्रे आहेत. मूळ पासपोर्ट घरी ठेवून घेण्याची जबाबदारी घेऊ नये.

एक प्रामाणिक शंका

लेख लिहीत असताना आमच्या उपाश्रयातील एका वृद्ध श्रावकांनी मला विचारले, “पंधरा कर्मादानांत भाडी-कर्म आहे, ते ठाऊक आहे ना?” प्रश्न रास्त होता. श्रावकाने टाळावयाच्या पंधरा व्यवसायांत गाड्या आणि जनावरे भाड्याने देऊन केलेली उपजीविका येते. त्याचे कारण मुक्या जनावरांवर लादलेला भार हे आहे, अशी माझी समजूत मी त्यांना सांगितली. ते पुरते समाधानी झाले नाहीत. शिवाय आपल्याकडे दिग्व्रतही आहे, ज्यात श्रावक आपल्या प्रवासाची मर्यादा स्वतःच बांधून घेतो. प्रवास वाढवून पोट भरणाऱ्या धंद्याला हे व्रत थोडे अवघड जाते, हे मान्य केले पाहिजे. ज्याला शंका असेल त्याने गुरुमहाराजांना विचारावे.

याहून रोजचा प्रश्न धर्मशाळांचा आहे. तीर्थक्षेत्रीच्या खोल्या आणि भोजनशाळा दात्यांच्या दानातून चालतात आणि अत्यल्प दरात मिळतात. आयोजकाने त्या स्वतःच्या नावे अडवून यात्रिकाला दुप्पट भावाने द्याव्यात, हा प्रकार काही ठिकाणी चालतो. कायदा त्याला काय म्हणेल ते असो, मी त्याला अदत्तादान म्हणेन. धर्मशाळेची पावती यात्रिकाला जशीच्या तशी द्यावी आणि आपले शुल्क वेगळे मागावे. तीर्थ आणि पर्यटनस्थळ यांतील भेदासाठी आपला समाज २०२२ च्या डिसेंबरात रस्त्यावर उतरला होता, आणि ५ जानेवारी २०२३ रोजी केंद्र सरकारने पारसनाथ पर्वतावरील पर्यटनविषयक हालचालींना स्थगिती दिली. त्या मोर्चांत भिवंडीचेही लोक होते. शिखरजीच्या सहलीच्या जाहिरातीत ‘मौजमजा’ हा शब्द लिहिताना हे लक्षात असावे.

पहिली सहल

आरंभी लांब जाऊ नये. माझ्या मते भिवंडीकराची पहिली सहल नाशिकच्या बाजूची असावी, कारण रस्ता ओळखीचा आहे आणि काही बिघडले तर घरून दुसरी गाडी पाठवता येते. डिसेंबरातील एखाद्या शनिवारी सकाळी सव्वासहाला निघावे. शहापूरच्या मानस मंदिराचे दर्शन घेईपर्यंत नवकारशीची वेळ, म्हणजे सूर्योदयानंतरची अठ्ठेचाळीस मिनिटे, उलटून जाते. न्याहारी तिथे आठच्या सुमारास. कसारा घाट चढून दुपारी नाशिकजवळचे विल्होळीचे तीर्थ, मग म्हसरूळचे गजपंथा, सायंकाळचे भोजन साडेपाचपर्यंत आटोपून तिथेच किंवा नाशिकला मुक्काम. दुसऱ्या दिवशी पहाटे मांगी-तुंगी. २०१६ मध्ये प्रतिष्ठित झालेली ऋषभदेवांची १०८ फुटी मूर्ती पाहण्याची ओढ सर्वांनाच असते. डोंगर पूर्ण चढणारे थोडेच, म्हणून खाली थांबणाऱ्यांसाठी सावलीची आणि एका सोबत्याची व्यवस्था हवी. दुपारी अडीचला तिथून निघाले तर नाशिकला सूर्यास्तापूर्वी जेवून रात्री नऊ-साडेनऊला भिवंडी गाठता येते. श्वेतांबर आणि दिगंबर दोन्ही परंपरांची स्थाने एकाच वाटेवर असल्याने बस भरणेही सोपे जाते.

बस ठरवताना पर्यटक परवाना, फिटनेस आणि विम्याची मुदत स्वतः वाचून पाहावी, आणि रात्रीच्या परतीसाठी दुसरा चालक आहे ना हे विचारावे. बसमालक लगेच इसार मागेल. तो पैसे घरचे म्हणून देऊ नये; वहीत एकतीस नावे, रकमेसह, चढल्यावरच द्यावा.